मागच्या दारानं आलेली बाई

तरुणपणी मी स्वतःला फार हुशार समजत होते आणि त्या हुशारीत संशयाशिवाय दुसरं काही नव्हतं. चामोर्शीच्या बाजारात मीठ घेतलं तरी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची, यात रेती तर नाही ना. एस.टी.वर गावाची पाटी असायची, कंडक्टर ओरडून नाव घ्यायचा, तरी चढण्याआधी मी ड्रायव्हरला विचारून घ्यायची. दोघांचं उत्तर जुळलं की मग पाय वर. माझ्या लग्नात सासरकडून लुगडं आलं, त्याचा जरीकाठ खरा की खोटा हे मी नखानं खरवडून पाहिलं होतं. खोटा निघाला. दुसरी एखादी रडली असती. मला आनंद झाला, की पाहा, मी म्हटलं नव्हतं?

अशा बाईच्या पोटी पोरगी आली आणि ती लग्नाची झाली.

पोरगी नर्सचं शिकलेली होती. आमच्या गावाहून सायकलनं जाता येईल अशा उपकेंद्रात तिला नोकरी लागली होती. पांढरी साडी नेसून निघाली की अख्ख्या रस्त्यातल्या बाया तिला थांबवून कुणाचा ताप, कुणाचा महिना सांगायच्या. त्यात भद्रावतीहून एक स्थळ आलं. पोरगा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, घर भद्रावतीला, घरात आई, वडील; एक मोठा भाऊ, तो वेगळा राहणारा. फोटो आला, तो मी उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. नाक-डोळे ठीक होते. फोटोत माणूस बसलेला होता, म्हणून पायाची शंका मनात राहिलीच.

पोरीनं एकच अट घातली. लग्न करीन, पण नोकरी सोडणार नाही. नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, सासर चंद्रपूर जिल्ह्यात. बदली होईस्तोवर मी इथंच राहीन, आणि हे त्यांना आधी सांगायचं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो नव्हे, हे तिला अजून कळायचं होतं. लग्नाआधीच सून माहेरी राहणार म्हणून कळवलं तर कोणते लोक चहाला तरी थांबतील? मी ठरवलं होतं, सोयरीक पक्की होऊ द्यायची, कुंकू लागू द्यायचं, मग हळूच सांगू.

त्या लोकांचा निरोप आला, नाटकाच्या दिवशी येतो.

आमच्याकडं ही जुनी रीत. धान घरात आलं, थंडी पडली, की गावोगाव नाटकं लागतात. ज्या गावात नाटक, त्या गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. पाहुण्यांचे पाहुणे, त्यांचे मेहुणे, सगळे येतात. म्हणायला नाटक पाहायला, पण निम्म्या सोयरिकी त्या दिवशीच जमतात. आणि एक नियम कुणी सांगितलेला नसतो पण सगळे पाळतात: त्या दिवशी दारात आलेल्या माणसाला, तुम्ही कोणाचे, असं विचारायचं नाही. आधी पाणी, मग जेवण. तो कोण ते जेवताना आपोआप निघतं. निघालं नाही तरी बिघडत नाही, शेजाऱ्याचा असेल. न जेवू घालता विचारलं तर वर्षभर गाव नावं ठेवतं.

आता माझ्यासारखीला हा नियम म्हणजे गळ्यातलं लोढणंच. कारण मला पक्कं माहीत होतं की ते लोक सगळे मिळून येण्याआधी कुणाला तरी चौकशीला पाठवणार. माहीत कसं? मी स्वतः केलं होतं ना. भावाच्या लग्नाच्या वेळी मी मुलीच्या गावात गेले, आमची बकरी हरवली, दिसली का, असं घरोघर विचारत त्यांच्या अंगणात शिरले, पाणी मागितलं, चूल पाहिली, राख पाहिली, गोठा पाहिला. वाटलं, कुणाला पत्ता नाही लागला. लग्न झाल्यावर भावजय म्हणाली, ‘‘आम्ही तवाच वळखलं होतं. नव्या चपला घालून बकरी कोण हुडकते?’’

तर नाटकाच्या दिवशी सकाळपासून मी दाराकडं एक डोळा ठेवून होते. घर सारवलेलं, वड्यांचं पीठ फुगलेलं, दोन कोंबडे कापायला बांधलेले. वडे तळायला शेजारणीनं पलीकडच्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, एक बाई पाठवते म्हणून सांगितलं होतं. ती बाई काही येईना. मी शेजारणीवरही संशय घेतला, की चांगली बाई तिनं स्वतःकडं ठेवून घेतली असणार.

तेवढ्यात समोरच्या दारानं एक माणूस आला. जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात मफलर, खिशाला पेन. रामराम झाला, पाणी दिलं. पण माणूस बसेना. उभ्यानं सगळं घर पाहायला लागला. माझ्या सासऱ्यांची हात असलेली मोठी सागाची खुर्ची होती, तिच्याभोवती फिरला. हात फिरवला, मागं रेलून बसला, तिच्या हातावर थाप मारली. मग दिवाणावरच्या लाल मखमली चादरीचा काठ उचलून पाहिला. मग म्हणतो, मोठा आरसा आहे का घरात?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आला. चौकशीवाला आला. पोरीसोबत काय काय देणार, ते पाहायला आला.

मग काय विचारता. मी त्याला दुधाचा चहा केला, नुसत्या दुधाचा. आतून आरसा आणून दाखवला. पोरीला हाक मारून चिवडा आणायला लावला आणि मागून कानात सांगितलं, खाली पाह्यजो, हळू चालजो. पोरगी म्हणाली, कोण आहे हा? मी म्हटलं, विचारू नको. तो माणूस पोरीकडं पाहीना, खुर्चीकडंच पाहत होता. तेही मला खानदानी वाटलं. डोळ्याला डोळा देत नाही, सभ्य घरचा आहे.

त्याला बसवून मी चुलीपाशी आले तर मागच्या दारात एक बाई उभी. साधं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायाला धूळ. माझ्याच वयाची. ती काही बोलणार, त्याआधी मीच सुरू झाले.

‘‘इतका येळ लावते का व बाई? ऊन डोक्यावर आलं. ठेव ते पिशवी, कांदे चिर पह्यले.’’

तिनं माझ्याकडं पाहिलं. फुगलेल्या पिठाकडं पाहिलं. मग पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि विळीवर बसली.

तुम्ही ओळखलं असेल ती कोण ते. मी नाही ओळखलं. मिठातली रेती शोधणारी, फोटोतल्या माणसाचे पाय तपासणारी मी, समोर विळीवर बसलेल्या बाईकडं एकदा धड पाहिलं नाही. समोरच्या दारानं येतो तो पाहुणा आणि मागच्या दारानं येतं ते काम, एवढं माझं शहाणपण.

हात मात्र तिचा फार चांगला. वडा थापायची, कढईत सोडायची, फुगला की काठीनं उलटायची, एकही तेल पीत नव्हता. मी फुगलेले वडे निवडून बाहेर त्या चष्मेवाल्याच्या ताटात नेले, सोबत कोंबड्याची तंगडी. फाटलेले दोन तिच्यापुढं ठेवले, खाय म्हटलं. तिनं खाल्ले.

कामाच्या हातासोबत तोंड चालवणं हा माझा धर्म. कुठची म्हणून विचारलं. भद्रावतीकडची, म्हणाली. मला वाटलं टोलीवरची माहेरवाशीण असेल, नाटकाला आली असेल. माझे कान उभे राहिले. म्हटलं, देवानं घरबसल्या साक्षीदार पाठवला. मी त्या पोराच्या घराची खूण सांगितली, खाणीत कामाला आहे, अमुक गल्लीत राहतात.

‘‘वळखते का त्या घराले?’’

‘‘वळखतो ना. चांगली वळखतो.’’

‘‘पोरगा?’’

‘‘पोरगा गरीब हाय. बोलत नाई जास्त.’’

‘‘अन् त्याची माय?’’

तिनं वडा उलटला. ‘‘माय टेढी हाय. आपलंच खरं करते. मोठी सून आली होती, तिले पुढं शिकाचं होतं. कोणी ऐकून घेतलं नाई. साल नाई झालं तं पोरगा तिले घेऊन येगळा झाला.’’

खरं सांगू का, मला धसका बसायला हवा होता. पण मनात पहिल्यांदा काय आलं, तर पाहा, मी म्हटलं नव्हतं? काहीतरी असणारच होतं. मला इतका चेव आला की मी त्या बाईला, जिचं नावही विचारलं नव्हतं, सगळा बेत सांगून टाकला. पोरीची अट, ती मी लपवून ठेवल्याची गोष्ट, कुंकू लागल्यावर सांगायचं ठरवलंय ते. वरून फोडणी दिली.

‘‘ते टेढी असन तं मी तिच्याहून टेढी हावो. सोयरीक होऊन जाऊ दे, मंग सरळ करतो तिले.’’

‘‘करजो बाई,’’ ती म्हणाली, आणि पुढचा वडा थापायला घेतला.

तेवढ्यात पोरगी आत आली. तिनं दार लोटून घेतलं आणि विचारलं, त्या लोकांना कळवलं का? मी म्हटलं, कळवते. कधी? वेळ आली की. तिला समजलं. रडणारी नाही ती. आवाज खाली आणून बोलते, तेव्हा समजायचं की जास्त चिडली. म्हणाली, आज संध्याकाळी मीच सांगणार. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर तोंड उघडलंस तर बघ. मग ती त्या बाईकडं वळली.

‘‘मावशी, तुम्ही सांगा. खोटं सांगून कोणाच्या घरात गेली तं किती दिवस निभन माहं?’’

बाईनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. ‘‘मले काय विचारते बाई,’’ म्हणाली. ‘‘सरक, वडे करपून राह्यले.’’

दुपार कलली आणि अंगणात बैलबंडी येऊन थांबली. दोन गडी उतरले, सरळ आत गेले आणि सासऱ्यांची खुर्ची उचलून चालायला लागले. त्यामागं दिवाणावरची लाल मखमल, त्यामागं आरसा. चष्मेवाला पायरीवर उभा राहून, जपून, जपून, पाय मोडेल, असं सांगत होता. मी धावले. पोरीचे बाबा ओट्यावर शांत सुपारी कातरत होते.

ते म्हणाले, नाटकात दरबार आहे. राजाला बसायला खुर्ची लागते. गावात आपलीच मोठी, म्हणून मीच हो म्हटलं. हा माणूस मंडळींचं सामान जमवायचं काम पाहतो. का, तुला काय वाटलं?

मला काय वाटलं ते मी आजपर्यंत त्यांना सांगितलं नाही. दुधाचा चहा, फुगलेले वडे, तंगडी, सगळं नाटकाच्या सामानवाल्याच्या पोटात. जाता जाता त्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, बाई, तुमच्यासारखा पाहुणचार या भागात कुठंच नाही झाला.

दिवे लागायच्या वेळेला ते लोक आले. पोरगा, त्याचे वडील आणि एक काका. पाय दोन्ही सारखे होते, मी आधी तेच पाहिलं. बसायला द्यायची खुर्ची राजाकडं गेलेली, दिवाणावर जुनी चादर, म्हणून सगळे सतरंजीवर बसले. पाणी झालं. पोराचे वडील इकडंतिकडं पाहत म्हणाले, आमच्या घरची बाई कुठं दिसत नाही? सकाळच्या गाडीनं पुढं आली होती.

मी म्हटलं, नाही बा, तुमच्याकडचं कुणी आलं नाही. आणि मनात म्हटलं, झालं, पहिली गोष्ट खोटी निघाली यांची.

‘‘आली ना. सकाळीच आली.’’

आवाज चुलीकडून आला. ती पदरानं हात पुसत दारात उभी होती. कपाळाला पीठ लागलेलं. पोरगा उठून म्हणाला, माय, तू आतमंदी काय करून राह्यली?

मला त्या वेळी काय झालं ते नीट सांगता येत नाही. हातात सुपारीचं तबक होतं, ते मी कुणाला द्यायचं विसरून उभी राहिले. सकाळपासून माझ्या तोंडातून निघालेलं एकेक वाक्य आता त्या बाईच्या ताब्यात होतं. माझ्या पोरीचं लग्न मी स्वतःच्या जिभेनं वड्यासारखं तळून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं. आता ही सगळ्यांसमोर ते उलटून दाखवणार. मी पोरीकडं पाहिलं. पोरगी त्या बाईकडं पाहत होती. तिचं तोंड उघडं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बाई येऊन सतरंजीवर माझ्या शेजारी बसली. माझ्याकडं न पाहता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘बाई, मी खोटं काई नाई सांगितलं. मोठ्या सुनेची गोष्ट माह्याच घरची हाय. तवा आम्ही समोरून गेलो होतो, ताट पाह्यलं, पोरगी पाह्यली, आलो. तिच्या मनात काय होतं कोणी सांगितलं नाई, आम्हीबी इचारलं नाई. म्हणून यावेळी मागच्या दारानं आली.’’

मग पोरीला म्हणाली, ‘‘बोल बाई. सकाळी मायले सांगत होती ते याहिले सांग.’’

पोरीनं सांगितलं. आवाज खाली आणून, पण सगळं सांगितलं. नोकरी, बदली, तोवर इथंच राहणं. पोराच्या वडिलांनी घसा खाकरला. नोकरी इथी अन् संसार तिथी, हे कसं जमन, म्हणाले. काकानं मान हलवली. पोरगा स्वतःच्या तळहाताकडं पाहत होता. माझे मालक सुपारी कातरायचे थांबले. मला वाटलं, आता हे उठतील, चपला घालतील, आणि उद्या ही गोष्ट बसस्टँडवर माझ्याआधी पोचेल.

‘‘माह्याकडून हो हाय,’’ पोराची आई म्हणाली.

आता कुठलीही शहाणी बाई त्या वेळी देवाला हात जोडते. मी काय केलं असेल? माझ्या मनात आलं, इतक्या लवकर हो? एवढं सगळं ऐकून? मग पोरात काहीतरी खोट असणार. दारू? दुसरी एखादी? मी पोराच्या डोळ्यांची पांढरी बाजू तपासायला वाकले, इतकी की त्यानं मान मागं घेतली. आणि मी असं वाकलेलीच असताना मागून पोरीचा आवाज आला.

‘‘माह्याकडून अजून नाई.’’

बाहेर नाटकाच्या मांडवात पेटीचे सूर लावून बघत होते.

‘‘तुम्ही माह्या घरची चूल पाहली, मावशी. मले तुमची पाहाची हाय.’’

मुलगी सासरचं घर पाहायला जाते, हे आमच्या गावात तोवर कुणी केलं नव्हतं. बाप जातो, मामा जातो, फार तर गावचा एखादा मोठा माणूस. पोराचे वडील आता खरंच चपलांकडं पाहायला लागले. माझ्या मालकांनी माझ्याकडं पाहिलं, की ही तुझीच. मी माझ्या जिवाला म्हटलं, संपलं. पण ती टेढी बाई पदर सावरत एवढंच म्हणाली, ‘‘कधी येते?’’

‘‘येत्या रविवारी.’’

‘‘ये.’’

ते लोक नाटक पाहून पहाटेच्या गाडीनं गेले. नाटक मी पाहिलं नाही. आमच्या खुर्चीवर बसून राजानं काय न्याय केला, ते गावानं मला नंतर सांगितलं.

मग मी रविवारची तयारी सुरू केली. माझी, पोरीची नाही. कोणतं लुगडं, कोणत्या गाडीनं, स्वयंपाकघरात शिरायला काय निमित्त करायचं, डबे कसे उघडून पाहायचे. पोरीनं दोन दिवस ऐकलं आणि मग सांगितलं, तू येणार नाहीस. का म्हणून विचारलं तर म्हणाली, तू गेलीस तर घर दिसणार नाही, तूच दिसशील. मी रुसले. जेवले मात्र.

गुरुवारी ड्यूटीला म्हणून गेलेली ती उशिरा आली. सायकल उभी केली, पाय धुतले. साडी रोजची नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, कुठून आलीस?

‘‘भद्रावतीहून.’’

‘‘रविवार सांगितला होता ना त्याहिले?’’

‘‘सांगितला होता.’’

ती पायरीवर बसली आणि सांगायला लागली. तिनं रजा टाकली होती. गेली तेव्हा घरी फक्त पोरगा होता. रात्रपाळी करून आलेला, अंगात बनियन, गॅसवर वरण उतू जात होतं आणि हा भाताचं पाणी काढत होता. आई-वडील बाहेरगावी गेलेले. तिला दारात पाहून इतका घाबरला की झारा हातात घेऊनच बाहेर आला. मग आत गेला, चहा करून आणला. साखर फार घातली होती. भांडी घासलेली होती. राखेचे डाग होते, पण घासलेली होती. मोरीत एक करपलेली कढई भिजत घातली होती, ती यानं लपवली नाही.

मी म्हटलं, ‘‘तुले दाखवाले केलं असन ते सगळं.’’

‘‘माय, मी येणार हे त्याले मालूम नव्हतं.’’

‘‘कोणी सांगितलं असन त्याले.’’

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. हसली नाही. उठताना म्हणाली, ‘‘पोराले हो म्हणून निरोप देजो. त्याच्या मायचं रविवारी पाहून सांगतो.’’

रविवारी गेली. दिवसभर तिथं राहिली, संध्याकाळच्या गाडीनं परत आली. काय पाहिलं, काय बोलणं झालं, चुलीपाशी दोघी किती वेळ बसल्या, मी खोदून खोदून विचारलं. ती पाणी प्यायली, हात पुसले, आणि बाबांना म्हणाली, तारीख काढा. एवढंच. बाकी तिनं मला कधीच सांगितलं नाही. विहीणबाईलाही मी पुष्कळदा विचारून पाहिलं, ती वड्याचं पीठ किती भिजवायचं त्यावर बोलायला लागते. दोघींचं आपसात काहीतरी ठरलेलं आहे आणि त्यात माझा विषय नक्की आहे, असा माझा आजही संशय आहे.